उजेड, अंधार आणि मांजराच्या दृष्टिपेशी

प्रश्न : जीवशास्त्राच्या एका व्याख्यानात मांजरांवर झालेल्या दृष्टिविषयक प्रयोगांचा उल्लेख आला. प्रकाश जितका प्रखर, तितके दृष्टिपेशींचे काम वाढत असणार, असे मी आजवर धरून चाललो होतो. परंतु काही पेशी दिवा मालवल्यावर अधिक जोमाने संदेश पाठवतात आणि सगळीकडे सारखा पसरलेला उजेड कितीही वाढवला तरी बऱ्याच पेशी जवळपास स्वस्थच राहतात, असे व्याख्यात्यांनी सांगितले. डोळ्याचे कामच प्रकाश टिपण्याचे असताना हे कसे शक्य आहे?

उत्तर : व्याख्यात्यांनी सांगितले ते बरोबर आहे. ते समजून घेण्यासाठी दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या बाजूच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या, पहिल्या थरापासून सुरुवात करावी लागते, कारण आपल्या अपेक्षेला पहिला धक्का तिथेच बसतो. मांजराच्या, माणसाच्या आणि एकूणच पृष्ठवंशीय प्राण्यांच्या डोळ्यांतील प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार व शंक्वाकार पेशी अंधारात ग्लुटामेट हे रसायन सतत स्रवत असतात. प्रकाश पडला की त्यांच्या आतील विद्युतदाब अधिक ऋण होतो आणि हा स्राव कमी होतो. म्हणजे प्रकाश वाढल्याची बातमी पुढच्या पेशीला कळते ती रसायन घटल्यामुळे. या पुढच्या पेशींना द्विध्रुवी पेशी म्हणतात, आणि ही एकच घट त्यांचे दोन प्रकार दोन विरुद्ध अर्थांनी वाचतात. एका प्रकारच्या पेशी ग्लुटामेट वाढले की उत्तेजित होतात, त्यामुळे त्या अंधाराची बाजू धरतात. दुसऱ्या प्रकारच्या पेशींवरील ग्राहक-प्रथिन वेगळे असते. ग्लुटामेट त्यांना दाबून ठेवते, आणि प्रकाशामुळे ते कमी झाले की त्या मोकळ्या होतात. पहिल्या कुळाला ‘ऑफ’ आणि दुसऱ्याला ‘ऑन’ म्हणण्याचा प्रघात आहे. या दोन कुळांचे धागे दृष्टिपटलाच्या आतल्या भागात दोन वेगळ्या थरांत जाऊन पुढच्या पेशींना भेटतात, हे फॅमिग्लिएटी आणि कोल्ब यांनी १९७६ मध्ये मांजराच्याच दृष्टिपटलात दाखवून दिले. उजेड आणि अंधार यांचे मार्ग डोळ्यातच आणि अगदी पहिल्या जोडणीपाशीच वेगळे होतात, हे इथे नीट ध्यानात घ्यावे, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

दृष्टिपटलातून मेंदूकडे निघणारे तंतू गँग्लिऑन पेशींचे असतात. मांजराच्या प्रत्येक डोळ्यातून असे सुमारे दीड ते दोन लाख तंतू बाहेर पडतात. प्रकाश लागल्यावर, प्रकाश मालवल्यावर किंवा दोन्ही क्षणी आवेग, म्हणजे क्षणिक विद्युत-संदेश, पाठवणारे वेगवेगळे तंतू असतात, हे हार्टलाइन यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या डोळ्यात पाहिले होते. सस्तन प्राण्यांतील चित्र मात्र स्टीफन कफलर यांच्या १९५३ च्या शोधनिबंधाने स्पष्ट झाले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करताना त्यांनी भूल दिलेल्या मांजराच्या डोळ्यात बारीक विद्युताग्र सरकवले, आणि त्यासाठी खास तयार केलेल्या नेत्रदर्शक उपकरणातून प्रकाशाचा लहानसा ठिपका थेट दृष्टिपटलावर टाकून तो इकडेतिकडे हलवून पाहिला. आधीच्या अनेक प्रयोगांत सगळा डोळा एकदम उजळवला जात असे. कफलर यांनी ठिपका लहान ठेवला, आणि माझ्या मते त्या एका निवडीतच त्यांच्या यशाचे निम्मे श्रेय आहे.

त्यांना आढळले ते असे. प्रत्येक पेशीला दृष्टिपटलाचा एक लहानसा गोलसर भाग नेमून दिलेला असतो. त्याला तिचे ग्रहणक्षेत्र म्हणतात. ‘ऑन’ प्रकारच्या पेशीच्या ग्रहणक्षेत्राच्या मध्यावर ठिपका पडला की आवेगांची सर सुटते. तोच ठिपका मध्याभोवतीच्या कड्यावर नेला की आवेग थांबतात, आणि कड्यावरचा प्रकाश काढून घेतला की पेशी पुन्हा उसळते. ‘ऑफ’ प्रकारच्या पेशीत हेच उलट घडते : मध्यावर प्रकाश असेपर्यंत ती दबलेली राहते आणि प्रकाश मालवताच तिचे आवेग वेगाने सुटतात. मध्य आणि कडे यांचा परिणाम असा परस्परविरोधी असल्यामुळे दोन्हींवर एकदम सारखाच प्रकाश पडला तर एकाने दिलेले दुसरे बऱ्याच अंशी काढून घेते. सर्वत्र समान उजेड वाढवूनही पेशी फारशी हलत नाही, याचे कारण हेच. ती पूर्णपणे बधिर असते असे मात्र समजू नये, कारण ही वजाबाकी तंतोतंत नसते आणि एकसारख्या उजेडालाही काहीसा प्रतिसाद उरतोच. लहान, नेमक्या जागी पडलेल्या ठिपक्याच्या मानाने तो बराच दुबळा असतो, इतकेच.

आता प्रश्न येतो तो दोन वेगळी कुळे बाळगण्याचा. उजेड वाढला की आवेग वाढवणाऱ्या आणि घटला की कमी करणाऱ्या एकाच प्रकारच्या पेशींवर भागले नसते का? मांजराच्या गँग्लिऑन पेशी काहीही घडत नसतानाही, अगदी संपूर्ण अंधारातसुद्धा, सेकंदाला काही डझन आवेग पाठवत असतात. त्या दरावरून वर चढायला शेकडो आवेगांची जागा आहे, पण खाली उतरायला शून्यापर्यंतच वाव आहे. पेशींचे एकच कुळ असते तर अंधुक होण्याच्या प्रत्येक बदलाची बातमी या अरुंद जागेत कोंबावी लागली असती, आणि आवेग येत नाहीत हे ओळखण्यासाठी मेंदूला थोडे थांबूनही राहावे लागले असते. दोन कुळे असल्यामुळे उजळणे आणि अंधुक होणे या दोन्ही घटना आवेगांच्या वाढीतूनच, म्हणजे लगेच आणि ठळकपणे, कळवता येतात.

काळाच्या बाबतीतही पेशींचा कल बदलाकडेच असतो. ठिपका लावून तसाच ठेवला तर आवेगांचा दर पहिल्या क्षणी उंच उसळी घेतो आणि नंतर बराच खाली येऊन स्थिरावतो. ही घसरण सगळ्या पेशींत सारखी नसते. क्रिस्टिना एनरॉथ-कुगेल आणि जॉन रॉबसन यांनी १९६६ मध्ये मांजराच्या गँग्लिऑन पेशींची ‘एक्स’ आणि ‘वाय’ अशी विभागणी केली. गडद-फिकट पट्ट्यांची जाळी पेशीच्या ग्रहणक्षेत्रावर अशा बेताने ठेवायची की एका अर्ध्यात वाढलेला प्रकाश दुसऱ्या अर्ध्यातील घटीने बरोबर फिटावा, आणि मग ती जाळी एकदम दाखवायची किंवा काढून घ्यायची, असा तो प्रयोग होता. ‘एक्स’ पेशींच्या बाबतीत जाळीची अशी एक जागा सापडते, जिथे ठेवल्यावर ती दिसली काय किंवा गेली काय, पेशी प्रतिसाद देत नाही. ‘वाय’ पेशींच्या बाबतीत अशी जागा सापडतच नाही. जाळी कुठेही ठेवा, बदलाच्या क्षणी त्या आवेग पाठवतातच. एकूण प्रकाश तितकाच राहूनही कुठेतरी काहीतरी बदलले, याची दखल त्या घेतात. स्थिर दृश्याला ‘एक्स’ पेशींचा प्रतिसाद अधिक टिकतो, तर ‘वाय’ पेशींचा लवकर ओसरतो.

हे सगळे कशासाठी, याचे उत्तर सभोवतालच्या जगात आहे. ढगाळ, चंद्र नसलेली रात्र आणि लख्ख दुपार यांच्या उजेडात सुमारे अब्जपट फरक असतो, तर पेशीच्या आवेगांचा दर शून्यापासून सेकंदाला काही शेकड्यांपर्यंतच जाऊ शकतो. एवढा मोठा पल्ला एवढ्या लहान मोजपट्टीवर सरळ उतरवायचा झाला, तर दृश्यातील बारकावे त्यात सगळे हरवून जातील. शिवाय उजेडाच्या निव्वळ मापाचा प्राण्याला उपयोगही बेताचाच असतो. छापील पानाचे उदाहरण घ्या. पांढरा कागद आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के परतवतो आणि काळी शाई सुमारे ५ टक्के. उन्हात प्रकाश १ लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) जवळ जातो, तर दिव्याच्या उजेडातील खोलीत तो काही शे लक्स असतो. हिशेब केला तर उन्हातल्या काळ्या अक्षरावरून डोळ्यात येणारा प्रकाश खोलीतल्या पांढऱ्या कागदावरून येणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी पट भरतो, आणि तरीही अक्षर काळे व कागद पांढराच दिसतो. दोन्ही ठिकाणी कायम राहिले ते अक्षर आणि कागद यांच्यातील प्रमाण. मांजराच्या गँग्लिऑन पेशी दिवसाच्या उजेडात याच प्रमाणाचा माग ठेवतात : पार्श्वभूमी दहापट उजळ झाली तर पूर्वीइतकाच प्रतिसाद मिळवण्यासाठी ठिपक्यातील बदलही साधारण दहापट करावा लागतो.

प्रश्न : उन्हात मांजराची बाहुली उभ्या रेघेइतकी बारीक होते आणि अंधारात ती पूर्ण गोल होते. डोळ्यात शिरणारा प्रकाश बाहुलीच आवरत असेल, तर पेशींना वेगळे जुळवून घेण्याची गरज का पडावी?

उत्तर : मांजराची बाहुली या कामात माणसाच्या बाहुलीपेक्षा फार सरस आहे, तिचे क्षेत्रफळ शंभरपटींहून अधिक बदलू शकते. परंतु अब्जपटींच्या पल्ल्यापुढे शंभर हा आकडा लहानच ठरतो आणि उरलेला भार दृष्टिपटलालाच उचलावा लागतो. याचा पुरावा सरळ आहे. प्रयोगांत औषधाने बाहुली मोठी करून तिच्यापुढे ठरावीक व्यासाचे कृत्रिम छिद्र ठेवले जाते, म्हणजे बाहुलीचा हिशेबच बाजूला पडतो, आणि तरीही पेशींचे जुळवून घेणे चालूच राहते. ते घडतेही चपळाईने. दृष्टिपटलाकडून आलेले संदेश मेंदूच्या थॅलॅमसमधील ज्या केंद्रात प्रथम पोहोचतात, तिथल्या पेशींची नोंद मांते, कारांदीनी आणि सहकाऱ्यांनी मांजरांमध्ये घेतली व ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. सरासरी उजेड बदलल्यानंतर या पेशींची संवेदनक्षमता सेकंदाच्या एका अंशातच नव्या पातळीला जुळते, म्हणजे नजर एका जागेवरून दुसरीकडे गेली तरी ती तिथे ठरेपर्यंत जुळवणी बरीचशी पार पडलेली असते. नैसर्गिक दृश्यांत एखाद्या जागेचा सरासरी उजेड आणि तिथला कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद भागांतील तफावत) यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो, आणि या पेशीही दोन्हींशी स्वतंत्रपणे जुळवून घेतात, हे त्याच अभ्यासात दाखवले गेले. मला तो निष्कर्ष विशेष मोलाचा वाटतो, कारण पेशींची वागणूक आणि बाहेरच्या जगाची घडण यांची सांगड त्यात मोजून घातलेली आहे.

रात्रीची बाजू मात्र वेगळी आहे. प्रकाश अगदी क्षीण झाला की वजाबाकी करत बसणे परवडत नाही, मिळेल तो कण जमेस धरावा लागतो. बार्लो, फिट्झह्यू आणि कफलर यांनी १९५७ मध्ये दाखवले की मांजर पुरेसा वेळ अंधारात राहिले की गँग्लिऑन पेशीच्या ग्रहणक्षेत्रातील कड्याचा विरोधी परिणाम मावळतो आणि मध्याचा तेवढा उरतो. पुढे बार्लो, लेविक आणि यून यांच्या १९७१ च्या मोजणीतून असे निघाले की अंधाराला सरावलेल्या दृष्टिपटलात प्रकाशाचा एकच कण शोषला गेला, तरी त्यामुळे गँग्लिऑन पेशीकडून दोन-तीन जादा आवेग सुटू शकतात. याहून बारीक संवेदनक्षमता भौतिकशास्त्राच्या दृष्टीने शक्यच नाही, कारण एका कणापेक्षा कमी प्रकाश असत नाही.

प्रश्न : सगळ्या पेशी जर केवळ फरकच कळवत असतील, तर एखादी भिंत उजळ आहे की अंधुक हे मेंदूला कळते कसे? भिंतीच्या मधल्या भागात तर कसलाच फरक नसतो.

उत्तर : आपण नेमक्या अडचणीच्या जागी बोट ठेवले आहे. या प्रश्नावर आजही काम चालू आहे.

उजेडाच्या पातळीची माहिती डोळ्यात अजिबात जपली जात नाही, असे नाही. बार्लो आणि लेविक यांनी १९६९ मध्ये मांजराच्या गँग्लिऑन पेशींचा स्थिर दर पार्श्वभूमीच्या उजेडाबरोबर कसा बदलतो हे तपासले, तेव्हा बहुतेक पेशींत सरळ चढता संबंध दिसला नाही, तरी मोजक्या पेशी तसा संबंध दाखवणाऱ्या निघाल्या. याखेरीज २००२ मध्ये उंदराच्या वर्गातील प्राण्यांत असेही सिद्ध झाले की काही थोड्या गँग्लिऑन पेशींत मेलॅनॉप्सिन हे स्वतःचे प्रकाशसंवेदी द्रव्य असते आणि उजेड टिकून असेपर्यंत त्या प्रतिसाद देत राहतात. मात्र त्यांचे मुख्य काम शरीराचे दैनिक चक्र आणि बाहुलीचे आकुंचन यांच्याशी निगडित आहे. भिंतीच्या एका तुकड्याचा उजळपणा ठरवणे हे वेगळे काम आहे.

त्या कामाचा माग मेंदूच्या मागील बाजूस असलेल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात काढावा लागतो, आणि तिथली सुरुवात निराशेची होती. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे रिचर्ड युंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात मांजराच्या या भागातील एकेका पेशीची नोंद घेतली. त्यांनी सर्वत्र पसरलेला प्रकाश वापरला, आणि पुष्कळ पेशींनी त्याला दादच दिली नाही. त्या पेशींना हवे काय, हे १९५८ मध्ये कफलर यांच्याच प्रयोगशाळेत डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांना उलगडले, तेही अनपेक्षितपणे. काळा ठिपका असलेली काचेची पट्टी उपकरणात सरकवताना पेशीने आवेगांचा भडिमार केला, आणि तो ठिपक्यामुळे नसून पट्टीच्या कडेची पुसट सावली एका ठरावीक दिशेने कललेली असल्यामुळे होता. या भागातील बहुतेक पेशींना विशिष्ट कलाची कड किंवा रेघ लागते, हे त्यांच्या १९५९ आणि १९६२ च्या शोधनिबंधांनी प्रस्थापित केले. १९८१ च्या नोबेल पारितोषिकात त्या दोघांचा वाटा होता. त्यानंतर बराच काळ या क्षेत्राकडे कडा आणि आकार शोधणारे क्षेत्र म्हणूनच पाहिले गेले आणि साध्या उजळपणाचा प्रश्न मागे पडला, असे मला वाटते.

तो प्रश्न नव्याने हाती घेतला तो मायकेल पॅराडिसो यांच्या अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या गटाने. त्यांनी वापरलेला आभास वाचकांनाही परिचित असेल : मधोमध एक करडा तुकडा कायम ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंचा भाग आळीपाळीने उजळ आणि गडद करत गेले, तर करडा तुकडा मुळात तसूभरही न बदलता आपल्याला उलट क्रमाने गडद आणि उजळ होताना दिसतो. हेच दृश्य भूल दिलेल्या मांजरांपुढे अशा रीतीने मांडले गेले की नोंद घेतल्या जाणाऱ्या पेशीचे ग्रहणक्षेत्र संपूर्णपणे त्या न बदलणाऱ्या करड्या भागात यावे. रॉसी, रिटनहाउस आणि पॅराडिसो यांनी १९९६ मध्ये कळवले की प्राथमिक दृष्टिक्षेत्रातील अनेक पेशींचे आवेग तरीही कमी-जास्त होत होते, आणि काहींच्या बाबतीत ते माणसाला दिसणाऱ्या उजळपणाच्या चढउताराशी जुळत होते. बाजूचे भाग फार वेगाने बदलू लागले की आपल्याला आभास दिसेनासा होतो. तसा पेशींचा हा प्रतिसादही वेगाबरोबर ओसरला. रॉसी आणि पॅराडिसो यांनी १९९९ मध्ये हीच तुलना दृष्टिपटलाकडून येणारे तंतू, थॅलॅमस आणि प्राथमिक दृष्टिक्षेत्र अशा तिन्ही टप्प्यांवर केली, तेव्हा दिसणाऱ्या उजळपणाशी जुळणारे प्रतिसाद त्यांना फक्त शेवटच्या टप्प्यावर सापडले. यावरून असे म्हणता येते की भिंतीच्या मधल्या भागाचा उजळपणा मेंदू बराचसा तिच्या कडांवरून ठरवतो आणि त्यासाठी ग्रहणक्षेत्राच्या बाहेरून माहिती आणतो. ती नेमकी कोणत्या जोडण्यांतून येते, याचा शोध चालू आहे.

प्रश्न : ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ मार्ग बरोबरीचे असतात का?

उत्तर : नसतात, आणि झुकते माप अंधाराला आहे. मांजराच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रात नजरेच्या मध्यभागाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या पट्ट्यात ‘ऑफ’ मार्गाच्या तंतूंचे वर्चस्व असते, हे होसे-मानुएल आलोन्सो यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले. त्याच गटाच्या पुढील अभ्यासांत गडद ठिपक्याची वार्ता उजळ ठिपक्याच्या वार्तेपेक्षा काही मिलिसेकंद आधी पोहोचते असे आढळले. उजळ पानावरची काळी अक्षरे वाचणे काळ्या पानावरच्या पांढऱ्या अक्षरांपेक्षा सहसा सोपे का जाते, याच्या कारणांपैकी हे एक असणे संभवते.

प्रश्न : या अभ्यासासाठी मांजरेच का निवडली गेली, आणि त्यावरून माणसाविषयी काही सांगता येते का?

उत्तर : मांजराचा डोळा मोठा आणि त्यातील माध्यम स्वच्छ असते, दोन्ही डोळे समोर रोखलेले असतात आणि मेंदूतील दृष्टिक्षेत्रापर्यंत विद्युताग्र पोहोचवणे तुलनेने सोपे जाते. एकदा या प्राण्याविषयी बरीच माहिती जमल्यावर नवे प्रयोगही त्याच्यावरच होत गेले. मांजरांना भूल दिलेली असे, तरी अशा बहुतेक प्रयोगांच्या शेवटी त्यांचा जीव घेतला जाई. वर सांगितलेल्या ज्ञानाची ती किंमत आहे, आणि त्या ज्ञानाविषयी लिहिताना ती सांगितलीच पाहिजे असे मी मानतो. आता अशा अभ्यासांत मांजरांचा वापर पुष्कळ कमी झाला असून उंदरांवर अधिक काम होते.

माणसाविषयीचा पुरावा आधी माकडांतून आणि मग थेट रुग्णांतून मिळाला. पीटर शिलर यांच्या गटाने १९८६ मध्ये माकडांच्या डोळ्यात ‘ऑन’ द्विध्रुवी पेशींना गप्प करणारे औषध घातले, तेव्हा त्या माकडांना उजळ होणारे ठिपके ओळखणे फार कठीण गेले, पण अंधुक होणारे ठिपके ती पूर्वीप्रमाणेच ओळखत राहिली. माणसांमध्ये जन्मजात रातांधळेपणाचा एक प्रकार आहे, जो वयाबरोबर वाढत जात नाही. त्याच्या संपूर्ण स्वरूपात ‘ऑन’ द्विध्रुवी पेशींवरील ग्लुटामेटचे ग्राहक-प्रथिन किंवा त्याच्या साखळीतील दुसरे एखादे प्रथिन जन्मतः सदोष असते. दंडाकार पेशींचा मुख्य मार्ग केवळ ‘ऑन’ जातीच्या द्विध्रुवी पेशींतून जात असल्यामुळे अशा व्यक्तींना मंद उजेडात दिसत नाही. शंक्वाकार पेशींना मात्र ‘ऑफ’ मार्गही उपलब्ध असतो, म्हणून त्यांची दिवसाची दृष्टी बरीचशी शाबूत राहते, जरी जवळचेच स्पष्ट दिसण्याचा दोष त्यांच्यात पुष्कळदा आढळतो. नेत्रतज्ज्ञ दृष्टिपटलाचा विद्युत आलेख काढतात, तेव्हा अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर प्रखर झोत टाकल्यावर प्रकाशसंवेदी पेशींची पहिली, खाली जाणारी लहर नेहमीसारखी उमटते, आणि ‘ऑन’ द्विध्रुवी पेशींमुळे तिच्यामागून वर चढणारी मोठी लहर उमटतच नाही. निदानाचा मोठा आधार हाच असतो.